दुसरा विषय निवडताना: पदवीचा ताणा आणि बाणा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरात एकच चर्चा सुरू होते, मुलाला कोठे घालावे? आता या प्रश्नाला आणखी एक जोड मिळाली आहे. पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय कोणता घ्यावा? नवीन शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाले आणि 'मेजर', 'मायनर' हे शब्द पालकांच्याही कानावर पडू लागले. या बाबीचा नीट विचार होणे आवश्यक आहे, कारण यात मुलांची वर्षे आणि पालकांच्या घामाचा पैसा गुंतलेला असतो.

प्रथम नियम समजून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी 120 श्रेयांकांची आहे. दुसरा विषयही मेजर म्हणून पदवीवर यायचा असेल तर त्यात किमान 40 टक्के, म्हणजे 48 श्रेयांक मिळवावे लागतात. मायनरसाठी 24 पुरतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे 15 तास. तेव्हा दुसऱ्या मेजरला वर्गातले 720 तास लागतात, तर मायनरला 360. प्रात्यक्षिकाला एका श्रेयांकामागे 30 तास धरतात, म्हणजे विज्ञानाच्या विषयाला वेळ आणखी जातो. विद्यापीठागणिक आकडे थोडे बदलतात आणि प्रत्येक महाविद्यालय दुहेरी मेजरची सोय देतेच असे नाही. म्हणून प्रवेशापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे.

तिसरा मार्गही आहे. एप्रिल 2022 पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करण्यास परवानगी दिली आहे. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही नियमित चालतात, किंवा एक नियमित आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून करता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचे इग्नू आपल्याला परिचित आहेतच. मात्र त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्याआधी तपासावे.

आता निवडीकडे वळू. आम्ही कपड्याचे व्यापारी, म्हणून आमच्याच धंद्यातील गोष्ट सांगतो. नुसत्या उभ्या धाग्यांनी कापड होत नाही. ताण्यातून बाणा आडवा जातो तेव्हाच कापड तयार होते. दुसरा विषय बाण्यासारखा असावा. पहिल्या विषयाला जे जमत नाही ते त्याने करावे. वाणिज्याबरोबर व्यवसाय व्यवस्थापन घेतले तर बराचसा अभ्यास तोच तो होतो. वाणिज्याबरोबर संख्याशास्त्र घेतले तर कोणता माल किती खपेल याचा अंदाज बांधता येतो. बँक आणि विमा क्षेत्रातही त्याचा उपयोग होतो.

आमच्या पेढीवर नोकरीसाठी दोन तरुण आले होते. एकाकडे वाणिज्य आणि व्यवस्थापन होते, दुसऱ्याने रसायनशास्त्राबरोबर हिशेबाचे शिक्षण घेतले होते. आम्ही दुसऱ्याला ठेवले. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतो, पॉलिस्टरला डिस्पर्स, हे त्याला ठाऊक होते. रंगून आलेल्या थानांत शेडचा फरक का पडला हे तो विचारू शकत होता आणि त्या मालावर किती कपात घ्यावी तेही काढू शकत होता. पहिला मुलगा हुशारीत कमी नव्हता, पण त्याचे दोन्ही विषय एकाच कामाचे होते.

धंदेही बदलत असतात. बहुतेक राज्यांत करमुक्त असलेले कापड 1 जुलै 2017 रोजी जीएसटीच्या कक्षेत आले आणि केवळ मालाची पारख असून भागेना, विवरणपत्रही समजावे लागले. एका हुनराला दुसऱ्याचा आधार असावा तो यासाठी.

विषय ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

1. हा विषय मला असे कोणते काम देईल, जे पहिला विषय देत नाही? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर थांबावे.

2. हे महाविद्यालयाबाहेर शिकता येईल काय? संगणकावर हिशेब ठेवणे काही महिन्यांच्या वर्गात येते. त्यासाठी 720 तास खर्च करू नयेत.

3. पहिल्या विषयाचे गुण टिकतील काय? बी.एड.साठी सर्वसाधारण गटाला पदवीला किमान 50 टक्के लागतात. पदव्युत्तर प्रवेशालाही बहुधा गुणांची अट असते. दोन विषयांच्या ओढाताणीत हा उंबरठा हुकला तर नफ्याऐवजी तोटाच पदरी येईल.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना आमचा खास मशविरा आहे. उर्दू ही अडचण समजू नका. उर्दू साहित्याला मराठी किंवा संगणकाची जोड दिली तर भाषांतर, मजकूरजुळणी, उपशीर्षके आणि अध्यापन अशी दारे उघडतात.

पालकांनाही विनंती आहे. शेजारच्या मुलाने घेतला म्हणून विषय लादू नका. मुलीच्या बाबतीत 'सोपा विषय घे, पुढे काय करायचे आहे' असे म्हणू नका. प्रसंगी तिच्याच कमाईवर घर चालते. जेथे मायनर पुरेसा आहे तेथे मायनरच घ्यावा. जेथे खरी गरज आहे तेथे मात्र मेहनतीला मागे हटू नये. माल घेताना आपण थान उलगडून, उजेडात धरून पाहतो. मुलांचे विषय निवडताना निदान तेवढी तरी काळजी घ्यावी.