कोरड्या मुलखांतील गुरांचा रँच विकत घेतांना काय पहावें

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांत न्यू मेक्सिको व अॅरिझोना हीं दोन राज्यें आहेत. तेथील बराच मुलूख अर्धवट वाळवंटी असून कित्येक ठिकाणीं वर्षाचा पाऊस नऊ-दहा इंचांपलीकडे जात नाहीं. जेथें नांगर चालत नाहीं तेथें गुरें पोसण्याचीं विस्तीर्ण रानें आहेत. त्यांस तिकडे 'रँच' म्हणतात. असा चालू रँच विक्रीस निघाला म्हणजे एकर किती, गुरें किती व किंमत काय, एवढ्या तीन गोष्टी ठळकपणें सांगितल्या जातात. रँचची किंमत तिकडे पुष्कळदा दर गाईमागें अमुक अशी ठरते. गुरांचा आकडा फुगवलेला असल्यास किंमतही त्याच मानानें फुगते. म्हणून हा आकडा कसा ताडून पहावा, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

जमीन कोणाची?

सांगितलेले सर्व एकर विकणाऱ्याच्या मालकीचे क्वचितच असतात. थोडी जमीन खरेदीखताची, कांहीं राज्याकडून भाडेपट्ट्यानें घेतलेली आणि उरलेली मध्यवर्ती सरकारची, अशी सरमिसळ असते. या दोन राज्यांत प्रत्येक छत्तीस चौरस मैलांच्या मोजणी-चौकटींतील २, १६, ३२ व ३६ या क्रमांकांचे चौरस मैल शाळांच्या उत्पन्नासाठीं राखून ठेवलेले आहेत. सरकारी रानांत गुरें चारण्याचा परवाना १९३४ च्या टेलर चराई कायद्याप्रमाणें मिळतो; बहुधा तो दहा वर्षांचा असतो. परवान्यामुळें जमिनीवर कोणताही मालकी हक्क उत्पन्न होत नाहीं, असें तो कायदाच स्पष्ट सांगतो. रँच विकला म्हणजे परवाना आपोआप नव्या धन्याच्या नांवें होत नाहीं. त्यासाठीं सरकारी खात्याकडे अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, आणि गवत खालावल्यास खातें गुरांची संख्या कमी करूं शकतें. १९१६ च्या कायद्यान्वयें वसाहतवाल्यांस दिलेल्या ६४० एकरांच्या तुकड्यांत तर जमिनीखालचीं खनिजें सरकारनें स्वतःकडेच ठेविलीं आहेत. यास्तव प्रत्येक तुकड्याचा कागद निरनिराळा पहावा.

गवताचा हिशेब

एका हजार पौंड वजनाच्या गाईस वासरासह दिवसास सुमारें २६ पौंड वाळलें गवत लागतें, म्हणजे वर्षास जवळजवळ ९,५०० पौंड. आतां उदाहरणादाखल असें धरूं कीं, चाळीस चौरस मैलांचा, म्हणजे २५,६०० एकरांचा रँच ३०० गाईंचा म्हणून विक्रीस आहे. दर एकरीं वर्षास २०० पौंड वाळलें गवत होतें. अशा कोरड्या रानांत शेंकडा तीसहून अधिक गवत खाऊं दिल्यास मुळें दुबळीं होतात. तेव्हां हातीं येणारें गवत एकरीं ६० पौंड. म्हणजे एका गाईस सुमारें १६० एकर लागले व साऱ्या रानावर १६० गाई झाल्या.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. १८६२ च्या कायद्यानें अमेरिकन सरकार एका कुटुंबास १६० एकरच देत असे. पूर्वेकडील पावसाळी प्रदेशांत तेवढ्यावर संसार चाले. येथें तेवढ्यावर एक गाय जगते. जॉन वेस्ली पॉवेल यांनीं १८७८ च्या आपल्या अहवालांत कोरड्या मुलखांतील गुरांच्या वाडीस २,५६० एकर द्यावे अशी सूचना केली होती, ती मानली गेली नाहीं.

पाण्याचा हिशेब

पाण्यापासून एका मैलाच्या आंतलें गवत गुरें पुरतेपणीं चरतात. एक ते दोन मैलांमधील गवत निम्मेंच धरावें, व दोन मैलांपलीकडील मुळींच धरूं नये. आपल्या उदाहरणांतील चौथा हिस्सा, ६,४०० एकर, पाण्यापासून दोन मैलांपलीकडे असल्यास १६० गाईंच्या १२० राहिल्या. म्हणजे ३०० गाईंच्या भावानें घेणारा अडीचपट किंमत देऊन बसेल.

उन्हाळ्यांत वासरासह गाय दिवसास ६० ते ७५ लिटर पाणी पिते. म्हणून प्रत्येक विहीर, पवनचक्की व हौद स्वतः पहावा, आणि त्या पाण्याचा हक्क कागदीं आहे कीं नाहीं हेंही पहावें. नदीनाल्यांच्या पाण्यास तिकडे 'ज्यानें प्रथम वापरलें त्याचा हक्क प्रथम' असा नियम आहे, आणि पुष्कळ वर्षें न वापरलेला हक्क जाऊं शकतो.

पाहणी केव्हां करावी?

तेथील निम्म्याहून अधिक पाऊस जुलई ते सप्टेंबरांत पडतो. सप्टेंबरांत कोणतेंही रान हिरवें दिसतें. मे-जूनमध्यें पाहावें म्हणजे खरी स्थिति कळते. १८९१ ते १८९३ च्या अवर्षणांत दक्षिण अॅरिझोनांत निम्म्याहून अधिक गुरें दगावलीं असा अंदाज आहे. चांगल्या वर्षांच्या गवतावर भरमसाट गुरें वाढविल्याचा तो परिणाम. रानाची झालेली हानि तर त्याहूनही टिकाऊ ठरली. न्यू मेक्सिकोंत १९१२ साली स्थापिलेल्या जोर्नाडा संशोधन-कुरणाच्या मुलखांत १८५८ च्या मोजणीवेळीं अर्ध्याहून अधिक जागा झुडुपांवांचून होती. १९६३ च्या पाहणींत तशी जागाच उरली नव्हती. मेस्किट हें त्यांतलें एक मुख्य झुडूप आपल्याकडील वेड्या बाभळीचेंच भावंड आहे. तें माजलेलें दिसल्यास गुरांचा जुना आकडा विसरावा.

सारांश, कोरड्या मुलखांत गवत व पाणी यांचीच खरी किंमत असते. नुसत्या एकरांस मोल थोडें. आमच्या दुष्काळी तालुक्यांत गुरांसाठीं माळ घेणाऱ्यांनींही विहिरीचा हिस्सा सातबाऱ्यावर आहे कीं नाहीं हें पहावें, आणि शेजारचें गायरान विकणाऱ्याचें नव्हे हें ध्यानांत ठेवावें. सरासरी वर्षाच्या गवतावर गुरांची संख्या ठरवूं नये. वाईट वर्षीं जितकीं तगतील तितक्यांचीच किंमत द्यावी.