जुना सांगाडा, नवी गाडी

प्रस्तावना

जुना वाडा उतरवला की त्याच्या तुळया नव्या घरासाठी वापरण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. उत्तम सागवानी तुळई अनेक वर्षांनंतरही नव्या छपराचा भार पेलते. मात्र जाणता सुतार तिला लगेच करवत लावत नाही. ती कोणत्या लाकडाची आहे, तिला वाळवी लागली आहे काय, तिच्यात चीर आहे काय, हे तो आधी पाहतो. जुन्या मोटारगाडीच्या लोखंडी सांगाड्यालाही हाच नियम लागू पडतो. अमेरिकेत अशा सांगाड्यांवर ‘हॉट रॉड’ नावाच्या गाड्या उभारल्या जातात. त्या कामातील पारख व शिस्त यांची ओळख या पाठात आपण करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
- हॉट रॉड म्हणजे काय, हे सांगता येईल;
- फोर्ड गाड्यांच्या जुन्या सांगाड्यांतील फरक स्पष्ट करता येईल;
- सांगाड्यावरील क्रमांकाचे महत्त्व सांगता येईल;
- कामाचा क्रम योग्य शब्दांत लिहिता येईल.

मूलपाठ

जुन्या गाडीतील अनावश्यक भाग काढून ती हलकी करायची आणि तिला अधिक शक्तिशाली इंजिन बसवायचे, म्हणजे हॉट रॉड तयार होते. या छंदाची जडणघडण दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. तेथील मुरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर १९३० च्या दशकात तरुण मंडळी आपल्या गाड्यांचा वेग अजमावीत. त्यांच्या खिशात पैसा बेताचाच असे. फोर्ड कंपनीच्या जुन्या गाड्या स्वस्त आणि मुबलक असल्याने त्यांनी त्याच निवडल्या. १९३७ मध्ये या मंडळींच्या क्लबांची संघटना स्थापन झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही निघाले.

गाडीचा सांगाडा, ज्याला आपले मेकॅनिक ‘चासी’ म्हणतात, तो त्या काळी दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे भाग यांचा बनलेला असे. हे भाग रिव्हेट ठोकून जोडलेले असत. इंजिन, आस आणि बॉडी या साऱ्यांचा भार त्यावरच असे.

आता ओळख कशी पटवावी ते पाहू. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ या गाडीचे उत्पादन १९२७ ते १९३१ या काळात झाले. तिच्या दोन आसांमधील अंतर १०३.५ इंच होते. तिचा सांगाडा साधा असून बाजूच्या पत्र्यांनी झाकलेला असे. १९३२ च्या गाडीत हे अंतर १०६ इंच झाले. झाकणारे पत्रे गेल्यामुळे तुळया बाहेरून दिसू लागल्या. म्हणून त्यांना बॉडीला साजेसा बाक आणि कडेला उठावदार रेघ देण्यात आली. मॉडेल ए मध्ये मागचा पाटा आसाच्या वर होता. १९३२ मध्ये तो आसाच्या मागे गेला. १९३३ व १९३४ च्या गाड्यांत हे अंतर ११२ इंच झाले आणि सांगाड्याच्या मध्यभागी इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखी जोडणी आली. १९३२ चा सांगाडा मजबूत आणि देखणा असल्यामुळे मॉडेल ए ची हलकी बॉडी त्यावर बसवण्याची प्रथा पडली.

केवळ वर्ष कळणे मात्र पुरेसे नसते. उत्पादन चालू असतानाच कारखाना सुधारणा करीत असे. मॉडेल ए च्या आरंभीच्या गाड्यांत हातब्रेकचा दांडा चालकाच्या डावीकडे होता. १९२८ मध्ये तो मध्यभागी आला. १९३२ च्या आरंभीच्या आठ सिलिंडरच्या गाड्यांच्या बॉनेटला प्रत्येक बाजूस २० झरोके होते, पुढे ते २५ झाले. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. बॉनेट काढून दुसरे बसवता येते, इंजिनही बदलता येते. दिसते तसे नसते! सुट्या भागांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. म्हणून खरी साक्ष सांगाड्याचीच घ्यावी.

ही साक्ष क्रमांकाच्या रूपाने असते. या गाड्यांत कारखान्याने दिलेला क्रमांक डाव्या तुळईच्या वरच्या बाजूस ठोकलेला असे. बॉडी उचलल्याशिवाय तो बहुधा दिसत नाही. १९३२ च्या आठ सिलिंडरच्या गाड्यांचे क्रमांक १८-१ पासून सुरू झाले. त्यामुळे पुढचा आकडा जितका लहान, तितकी गाडी आरंभीची. हा भाग स्वच्छ करताना ग्राइंडर कधीही वापरू नये. रंग सैल करणारे द्रावण आणि मऊ ब्रश पुरेसे असतात. ठशाची खोली मुळातच थोडी असते. एका क्षणाच्या घाईने तो कायमचा पुसला जातो. त्याबरोबर गाडीची ओळख जाते आणि मालकावर चोरीचा संशयही येऊ शकतो.

यानंतर प्रकृतीची तपासणी करावी. सांगाडा समतल जागेवर ठेवून डावीकडच्या पुढील छिद्रापासून उजवीकडच्या मागील छिद्रापर्यंत माप घ्यावे आणि मग उलट बाजूने तेच करावे. दोन्ही मापे सारखी नसतील तर सांगाडा तिरका झाला आहे असे समजावे. गंजाने पातळ झालेला पत्रा, रिव्हेटभोवतीच्या चिरा, ढिले रिव्हेट आणि जुन्या वेल्डिंगच्या खुणा डोळ्यांत तेल घालून शोधाव्यात.

ही काळजी कशासाठी? मॉडेल ए चे इंजिन ४० अश्वशक्तीचे होते. १९३२ च्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती ६५ होती. हॉट रॉडमध्ये बहुधा याहूनही शक्तिशाली इंजिन बसते. तुळईची एक बाजू उघडी असल्याने ती पिळाला सहज बळी पडते. म्हणून कारागीर उघड्या बाजूस पोलादी पट्टी वेल्ड करून तुळईला बंद पेटीचा आकार देतात. पण गंजक्या किंवा तिरक्या सांगाड्यावर अशी पट्टी जोडणे म्हणजे दोष आत झाकून ठेवणे होय. भरवेगात तो दोष उघडा पडला, तर चालकाचे प्राण संकटात येतात.

शेवटचा प्रश्न विवेकाचा आहे. सांगाडा पूर्ण, आरंभीचा आणि मूळ गाडीसह असेल, तर तो न कापता जतन करणे उचित. बॉडी हरवलेल्या एकट्या सांगाड्याला हॉट रॉड नवे आयुष्य देते. शिवाय १९३२ च्या नमुन्याचे नवे सांगाडे आज विकत मिळतात. त्यामुळे दुर्मीळ वस्तू कापण्याची गरजच उरत नाही. आपल्या देशात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, गाडीचा नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल सर्वसाधारणपणे करता येत नाही.

तुम्ही काय शिकलात

- सुट्या भागांपेक्षा सांगाड्याची रचना व क्रमांक अधिक विश्वसनीय असतात.
- आधी ओळख, मग तपासणी, मग निर्णय आणि शेवटी कापणी, हा कामाचा क्रम होय.
- कापलेली वस्तू जोडता येते. पुसलेली ओळख परत आणता येत नाही.

शब्दार्थ

तुळई – भार पेलणारा लांब, आडवा भाग. पाटा – गाडीचे धक्के झेलणारी पट्ट्यांची स्प्रिंग. समतल – सपाट, एका पातळीतील. विसंगत – न जुळणारा.

पाठान्त प्रश्न

१. बॉनेटवरून सांगाड्याचा काळ ठरवणे धोक्याचे का आहे?
२. मॉडेल ए आणि १९३२ ची गाडी यांच्या सांगाड्यांतील तीन फरक लिहा.
३. ‘डोळ्यांत तेल घालणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या परिचयातील एखादा कारागीर काम सुरू करण्यापूर्वी वस्तूची पारख कशी करतो, ते दहा ओळींत लिहा.