यंत्राच्या ग्रहावरील काळवीट

आजचे युग विज्ञानाचे आहे, असे आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. विज्ञानकथांतून तर असे परके ग्रह भेटतात, की जेथे कळ दाबताच पाऊस पडतो, गवत मोजून उगवते आणि प्रत्येक हरणाच्या गळ्यात यंत्र असते. अशा ग्रहावर प्राणी सुखाने जगतील काय? हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधायला परग्रहावर जाण्याची गरज नाही, असे दिसून आले.

असा एक छोटा ‘ग्रह’ माणसाने खरोखरच बांधून पाहिला आहे. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात सुमारे सव्वा हेक्टर जागेवर काचेचे बंदिस्त घर उभारून त्यात जंगल, शेती व लहानसा समुद्रही तयार केला गेला. त्याचे नाव ‘बायोस्फिअर टू’. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे त्यात दोन वर्षांसाठी राहावयास गेली. परंतु मातीतील सूक्ष्म जीवांनी प्राणवायू इतका वापरला, की त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर आले व तो बाहेरून सोडावा लागला. परागीभवन करणारे कीटक मेले. मुंग्या व झुरळे मात्र माजली. यंत्रे चालू होती, पण मातीचा हिशेब चुकला होता.

आता आपल्या शेजारी पाहू. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य सन २००० मध्ये घोषित झाले. क्षेत्र अवघे १८.३२ चौरस किलोमीटर. याच कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी ठिकठिकाणी खास पूल व भुयारी मार्ग बांधले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु काळवीट हा मोकळ्या माळावरचा, गवतावर जगणारा प्राणी. पुलाच्या दोन्ही टोकांना गवत नसेल, तर तो पूल ओलांडून जाणार कोठे?

२०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला होता. तो वाघ शेते, नाले व रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्ट्याने तो कोठे आहे हे सांगितले. वाट मात्र त्याची त्यानेच शोधली.

यंत्राचा अनुभव माझ्या घरीही आहे. आमच्या वावरात रोही आणि रानडुकरे हरभरा फस्त करीत. बाबा रात्र रात्र मचाणावर जागत. नुकसानीचा अर्ज मी लिहिला, कारण कॉलेजात गेलेला घरात मीच पहिला. पुढे उसनवारी करून धुऱ्याला झटका मशीन बसविली. आमचा हरभरा वाचला. पण जनावरे कमी झाली नाहीत. ज्याच्याकडे मशीन नव्हती त्या शेजारच्या काकांच्या वावरात ती शिरली. तेव्हा बाबा म्हणाले, “त्याइचं कुरन आपुन नांगरलं, मंग ते कुठी जातीन?”

बाबांच्या या एका वाक्यात मला ‘बायोस्फिअर टू’चा सारा धडा सापडला. यंत्र जनावराला अडवू शकते, मोजू शकते, रस्ता पार करवू शकते. कुरणाची जागा मात्र घेऊ शकत नाही. म्हणून पूल बांधताना आणि तार ओढताना गावाचे उरलेसुरले गायरान आधी राखले पाहिजे. ते राखले, तर काळविटाचेही भले आणि रात्री मचाणावर जागणाऱ्या बापाचेही!