‘वऱ्हाड’ छापताना : एका छोट्या मुद्रणप्रणालीचा आराखडा

गेल्या वर्षी भाग एकच्या प्रकल्पासाठी मी आमच्या भागातील शेतीविषयक वऱ्हाडी शब्दांची यादी केली. अकोट तालुक्यातल्या घरी आजीजवळ बसून शब्द टिपले, अकोल्याहून घेतलेल्या जुन्या संगणकावर टंकित केले आणि अमरावतीला एका दुकानात छापून घेतले. दुकानदाराने मजकूर आधी आपल्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेतला. वेळ थोडा होता, म्हणून न तपासताच प्रकल्प सादर केला. एक प्रत घरी नेली. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून वाचतात. पहिल्याच ओळीवर थांबले. “वर्हाडी? हे कोन्ती बोली होय रे?” पुढे ‘पऱ्हाटी’ची ‘पर्हाटी’ आणि ‘शेतकऱ्याचा’चे ‘शेतकर्याचा’ झालेले. आजी म्हणाली, “म्या तं तुले बराबर सांगतलं होतं.” तोंडी परीक्षेत याच शब्दांवर बोट ठेवले गेले आणि मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधताना घरच्या संगणकासाठी एक छोटी मुद्रणप्रणाली लिहावी, असे मनाने घेतले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तांत्रिक चुका जाणकारांनी जरूर दाखवाव्यात.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी जुळाऱ्याच्या हातातला खिळाच कागदावर उमटे. (‘जुळाऱ्याच्या’ हा शब्दही आपल्याच अडचणीतला!) संगणकावरील जुन्या मराठी फॉन्टांनी तीच रीत ठेवली. अक्षराच्या प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक आणि प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे. युनिकोडची रीत उलटी आहे. त्यात अक्षर साठवले जाते. त्याचा आकार छापताना ठरतो. ‘कि’ मध्ये ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर साठवतात, पण छापताना वेलांटी पुढे येते. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत युनिकोडने देवनागरीसाठी भारताच्या १९८८ च्या इस्की संहितेची मांडणी घेतली.

आता ‘वऱ्हाड’ पाहू. ‘र’ला हलन्त आणि पुढे ‘ह’ असे साठवले, की रफार डोक्यावर चढतो : र्ह. आपल्याला हवा तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. तो मिळवण्याच्या दोन वाटा आहेत. एक, नुक्ता असलेले स्वतंत्र अक्षर ‘ऱ’ वापरायचे. दुसरी, ‘र’ आणि हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडखूण ठेवायची. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या संगणकावर दुसरी वाट होती. मजकूर फिरवताना न दिसणारी जोडखूण गळून पडली आणि माझ्या यादीभर रफार उगवले. शोध घेतानाही घोटाळा होतो. एका वाटेने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या वाटेने शोधला, तर सापडेलच याची खात्री नाही.

म्हणून आराखड्यातील पहिली पायरी अशी : मजकूर आत येताच दुसऱ्या वाटेचे सगळे र ‘ऱ’च्या वाटेला लावायचे. हे सोपे आहे. जिथे जोडखूण आधीच हरवली आहे, तिथे मात्र यंत्राची बुद्धी चालत नाही. सगळ्या ‘र्ह’ चे ‘ऱ्ह’ करावे, तर नोकरीच्या जाहिरातीतली ‘शैक्षणिक अर्हता’ बिघडते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. दोन्ही शब्द शुद्धच. अशा जागी प्रणालीने थांबावे, शब्द दाखवावा आणि लिहिणाऱ्याला विचारावे, असे मी ठरवले आहे.

मजकुराची मांडणी सांगण्याची रीत मी जुनीच घेतली. १९६४ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. येथे जेरोम साल्टझर यांनी ‘रनऑफ’ नावाची प्रणाली लिहिली होती. तिच्यात ओळीच्या आरंभी टिंब देऊन आज्ञा लिहीत. माझ्याकडे ‘.मथळा’, ‘.परिच्छेद’ आणि ‘.यादी’ एवढ्याच तीन आहेत. डोनाल्ड नूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये पाहिली, ती त्यांना आवडली नाहीत आणि त्यांनी ‘टेक्’ ही प्रणालीच लिहायला घेतली. हे वाचून मला थोडा धीर आला. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी टेक् साठी देवनागरीची सोय केली, म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही.

ओळ मोडताना अक्षरे मोजून भागत नाही. जोडाक्षराचा तयार आकार किती जागा घेतो ते मोजावे लागते. ते काम ‘हार्फबझ’ या मोफत साधनाकडे सोपवले आहे. शेवटी फॉन्ट आत बांधलेली पी.डी.एफ. काढायची. तिच्यात अक्षरांचे आकार पक्के झालेले असतात, त्यामुळे दुकानात मजकूर पुन्हा फिरवावा लागत नाही.

पहिली पायरी आणि तिन्ही आज्ञा लिहून झाल्या आहेत. दोन्ही कडा सरळ करताना शब्दांत मोठी भगदाडे पडतात. ते अजून जमलेले नाही. दिवाळीच्या सुटीत चाचणीचे एक पान छापून घरी नेले : वऱ्हाड, पऱ्हाटी, कुऱ्हाड, चऱ्हाट, गाऱ्हाणे, शेतकऱ्यांना. बाबांनी बोट ठेवून सगळे वाचले, कुठेही थांबले नाहीत. आजीने मात्र पान संपल्यावर विचारले, “अन् बाकीचे कुठी गेले?” यादीतले उरलेले शब्द आता तपासतो आहे.