आधी महिना, मग माणसं, मग गाव

पोरांनो, सुट्टी जवळ आली की तुमचे फोन सुरू होतात. काका, यंदा कुठे जाऊ? प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक फोटो तयार असतो. धुक्यातलं कौलारू घर, समोर भाताची खाचरं, ओटीवर चहाचा कप. फोटो खोटा नसतो, पण तो कुठल्या महिन्यात काढला, तिथे कोणत्या रस्त्याने पोचायचं, घरामागे काय आहे, यातलं काहीच त्यात दिसत नाही. माझी सगळी नोकरी महाड आगारात वाहक म्हणून गेली. पाचाड, बिरवाडी, वरंध, पोलादपूर या बाजूचे रस्ते पायाखालचे झाले, आणि सुट्टीला आलेली माणसं जाताना आणि परतताना अशी दोन्ही वेळा बघितली. म्हणून सांगतो, गाव शेवटी ठरवायचं. आधी महिना, मग बरोबर कोण आहे ते, मग रस्ता. एवढं ठरलं की गाव आपोआप सापडतं.

महिन्याचं आपल्या खोऱ्यावरूनच समजावतो. महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगर हिरवे होतात ते त्या पावसाने आणि घाट बंद पडतात तेही त्याच पावसाने. पाऊस बघायचाच असेल तर गणपती उठल्यावर या. झरे वाहते असतात, भाताला लोंब्या धरलेल्या असतात आणि पावसाचा जोर ओसरलेला असतो. गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र मुंबई-गोवा रस्त्यावर मौजेसाठी येऊ नका. तेव्हा तो रस्ता घरी निघालेल्या चाकरमान्यांचा असतो, त्यांना वाट द्या. ऑक्टोबरात ऊन तापतं आणि भातकापणी सुरू असते. ज्यांच्या घरी तुम्ही उतरणार, ती माणसं दिवसभर शेतात असतात. दिवाळीनंतरपासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सकाळी गारवा, दिवसभर स्वच्छ हवा, रस्ते कोरडे, विहिरींना पाणी.

शिमग्याला कोणी बोलावलं तरच या, आणि बोलावलं तर चुकवू नका. घराघरांत माणसं भरलेली असतात, पालखी दारात येते, तेव्हा परक्यासाठी रिकामी खोली मिळणं कठीण. मे महिन्यात करवंदं, जांभळं, फणस असतात म्हणून तुमचा जीव ओढतो, ते मी समजू शकतो. पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत त्याच महिन्यात टँकर चालू असतात. पाहुण्यांनी दिवसातून दोनदा अंघोळ करायची आणि ते पाणी घरच्या बाईने डोक्यावरून आणायचं, अशी सुट्टी घेऊ नका. मेमध्ये यायचं तर नदीकाठच्या गावात उतरा आणि बादली मोजून वापरा.

काही तारखा लक्षात ठेवा. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळा असतो, आणि तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. त्या दिवशी गड नीट बघून होत नाही, पण सोहळा बघून होतो. काय हवं ते ठरवून या. २० मार्चला चवदार तळ्यावर माणसं लोटतात. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी हातात घेतलं. त्या वेळी महाडात लॉज मिळणं अवघड जातं, म्हणून मुक्काम माणगाव किंवा पोलादपूरला धरा. पण एकदा तरी त्याच दिवशी या. लांबलांबच्या जिल्ह्यांतून आलेल्या म्हाताऱ्या बायका तळ्याच्या पायरीवर बसून ओंजळ भरतात, ते बघितल्याशिवाय महाड बघितलं असं मी म्हणणार नाही.

आता माणसं. बरोबर येणाऱ्यांतला सगळ्यात थकलेला गुडघा कोणाचा आणि सगळ्यात लहान पोर कोणतं, यावरून सहल ठरवा. तरणी मंडळी कुठेही रमतात. पण रायगडाचंच घ्या, चढायला चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत. १९९६ पासून हिरकणीवाडीहून रोपवे आहे, तेव्हा आजीला गड दाखवता येतो, ही फार मोठी सोय झाली. पण रोपवेने चढ वाचतो, चालणं वाचत नाही. वर उतरल्यावर राजसदर, बाजारपेठ, तिथून जगदीश्वराचं देऊळ आणि महाराजांची समाधी, हे सगळं उघड्यावर, उन्हात, चढउताराचं आहे. सकाळी लवकर जा. शनिवार-रविवारी रोपवेची रांग एवढी लांबते की आजी रांगेतच दमते. आठवड्याच्या मधल्या दिवशी या. वर धनगरांच्या घरचं ताक मिळतं, ते विकत घ्या आणि पाण्याची बाटली खाली परत घेऊन या. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबा. तिथे सावली आहे आणि सपाट आहे, थकलेल्या पायांना बरं वाटतं.

ज्यांना गड झेपतच नाही, त्यांच्यासाठीही या खोऱ्यात खूप आहे. सावित्रीकाठी सव गावात गरम पाण्याचे झरे आहेत, थंडीत तिथे पाय सोडून बसावं. काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीच्या डोहातले मासे कोणी मारत नाही, चुरमुरे टाकले की काठाशी झुंबड उडते, लहान पोरं तासभर हलत नाहीत. शिवथरघळीत थोड्या पायऱ्या आहेत, पण म्हाताऱ्या माणसांनाही सावकाश जमतात. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला अशी श्रद्धा आहे. तिथे मुक्काम करायचा असेल तर आधी विचारून घ्या आणि तिथल्या वेळा पाळा. तरुणांना पाय मोकळे करायचे असतील तर पोलादपूरकडून ढवळे गाव गाठून चंद्रगड आहे. तिथे गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय रानात शिरू नका. वर गेलात की वाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात.

आता खेड्यातल्या घराबद्दल. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण तुम्ही सगळे इथेच घाई करता. हल्ली कॉटेज, फार्म हाऊस, होमस्टे अशी नावं असतात. नाव काहीही असो, पैसे भरण्याआधी फोन करून बोला, आणि मालकाशी बोला. पहिला प्रश्न विचारा, गावात वस्तीची गाडी येते का? संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच मुक्कामाला राहते आणि पहाटे निघते, ती वस्तीची एसटी. ती ज्या गावात येते, त्या गावाचा रस्ता मोठं वाहन जाण्याजोगा असतो आणि रात्री कोणाला दुखलं-खुपलं तर पहाटे निघायची खात्री असते. तुमच्याकडे स्वतःची गाडी असली तरी हा प्रश्न विचारा. दुसरा, पिण्याचं पाणी कशाचं? विहीर, नळ की झरा, आणि त्या महिन्यात ते पुरतं का? तिसरा, मोबाइलला रेंज कुठल्या कंपनीची आणि अंगणात कुठे उभं राहिल्यावर? चौथा, संडास घरात की बाहेर, आणि कमोड आहे का? आजी बरोबर असेल तर त्याचा फोटो मागा. लाजू नका, मालक रोज असे फोटो पाठवत असतो.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगा. कोंबडी हवी असेल तर दोन दिवस आधी. आणि घरात जे शिजतं तेच मागा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, थंडीत नाचणीची भाकरी. पनीर मागितलंत तर कोणीतरी मोटारसायकल काढून महाडच्या बाजारात जाणार आणि चव मात्र तुमच्या घरच्यासारखीच लागणार. मग इतक्या लांब कशाला यायचं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात मुक्काम असेल तर उजेड असताना घराच्या परसात जाऊन मागचा डोंगर बघा. उतार अगदी भिंतीला टेकलेला आहे का? खोल्या वाढवायला डोंगर खोदून उभा कापलाय का? जमिनीला ताज्या भेगा दिसतात का? झाडं, विजेचे खांब, कुंपण एका बाजूला कललेत का? नेहमीचं झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा नवीन जागी पाणी फुटलं असं घरचे म्हणतात का? यातलं एक जरी असलं आणि पाऊस थांबत नसला, तर पैसे गेले तरी चालतील, तिथे झोपायचं नाही. घरच्यांनाही तेच सांगा आणि सगळ्यांनी मिळून सपाटीवर, शाळेत किंवा नातेवाइकांकडे जा. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. जुलै २००५ मध्ये आपल्या तालुक्यातली दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन ही गावं दरडीखाली आली. २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं एका संध्याकाळी. त्याच दिवशी पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी आल्या, आणि महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. ती माणसं कोण होती, कुठल्या थांब्यावर चढायची, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून या एका गोष्टीत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

रस्त्याचंही तसंच. पावसाळ्यात रात्रीचा प्रवास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुराने गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. पुढच्या वर्षी नवा पूल झाला, तो भक्कम आहे. तरी पाऊस कोसळत असताना उजेडीच पोचायचं, हा नियम मोडू नका. पुण्याकडून येताना वरंध घाट जवळचा दिसतो, पण पावसाळ्यात तो वारंवार बंद असतो. निघण्याआधी महाडच्या कोणालातरी फोन करा. नाहीतर ताम्हिणीने माणगावला उतरून या. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट पावसात तोच धोका देतो. कोरड्या दिवसांत मात्र त्याच्यासारखा घाट नाही, वाटेत प्रतापगडही होतो. घाटात उलटी होणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा आणि निघताना पोटभर खाऊ देऊ नका. कशेडीला आता बोगदा झालाय, तो त्रास बराच कमी झाला.

शहरात जायचं म्हणत असाल तर माझं मत उलटं आहे. शहराची सुट्टी पावसाळ्यात घ्या. खेडी चिखलात असतात तेव्हा संग्रहालय, नाटक, चांगलं हॉटेल यांना पावसाचं काही देणंघेणं नसतं. पुण्यात केळकर संग्रहालय आणि रात्री बालगंधर्वला नाटक, कोल्हापुरात अंबाबाई, न्यू पॅलेस आणि तांबडा-पांढरा, यात दोन दिवस भरून जातात. एका शहरात दोन दिवस, तिसरं ठिकाण जोडू नका. बंद वार आधी बघा. मुंबईतली राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी. लॉज स्टँडजवळ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, जे बघायचं त्याच्याजवळ घ्या. रिक्षाचे पैसे आणि पोरांची चिडचिड, दोन्ही वाचतात.

भाड्याचंही ऐका. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी राज्यभर मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं. आधार कार्ड जवळ ठेवा. आणखी एक आहे, 'आवडेल तेथे प्रवास'चा पास, चार किंवा सात दिवसांचा. मोठ्या फिरतीला त्याच्याएवढं स्वस्त काही नाही.

तर यंदाचं माझ्याकडून असं. ठाणेवाले, तुमच्याबरोबर आजी आहे, तुम्ही डिसेंबरात मधल्या वारी महाडला या. एक दिवस रायगड रोपवेने, दुसऱ्या दिवशी सव आणि चवदार तळं, आणि आजीला गाडीत बसवून पोरांनी गांधारपाल्याची लेणी चढून यावी, ती हमरस्त्यालाच आहेत. डोंबिवलीकर, तुमचं बाळ लहान आहे, तुम्ही यंदा खेडं सोडा आणि कोल्हापूर करा. पुण्याची कॉलेजातली पोरं ऑगस्टात वरंधला यायचं म्हणतायत, त्यांना मी नाही म्हणून सांगितलंय. त्यांनी जानेवारीत ढवळ्याला यावं, आदल्या संध्याकाळी पोलादपूरला पोचावं, वाटाड्याला मी सांगून ठेवीन. वाटाड्याचे पैसे आधी बोलून घ्या आणि त्याचा दुपारचा डबा तुमच्याबरोबर धरा.