व्हिडिओ गेममधील 'यु.आय.' आणि 'यु.एक्स.' : कामाची ओळख

वालावल, नेरूर, चेंदवण या आपल्या परिसरात मुलांच्या हाती मोबाईल आला आहे आणि ती त्यावर गेम खेळतात. खेळण्याच्या वेळेवर पालकांनी मर्यादा घालावी, हे योग्यच. परंतु हा खेळ तयार कसा होतो, त्यात कोणकोणती कामे असतात, हे आपल्या होतकरू मुलामुलींना समजणेही तितकेच जरुरीचे आहे. ही सर्व कामे गणित व संगणकशास्त्र शिकलेल्यांचीच, असा आपल्याकडे समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. म्हणून सदर लेखात दोन कामांची माहिती देत आहोत.

पहिले काम 'युजर इंटरफेस', म्हणजेच यु.आय. उरलेली शक्ती दाखविणारी पट्टी, कोपऱ्यातील नकाशा, बटणे, अक्षरे हा सर्व यु.आय.चा भाग. यु.आय. आर्टिस्ट त्यांचे रंगरूप ठरवितो. यु.आय. प्रोग्रामर 'युनिटी' किंवा 'अनरियल' यांसारख्या साधनांत ते प्रत्यक्ष चालते करतो.

दुसरे काम 'युजर एक्सपिरिअन्स', म्हणजेच यु.एक्स. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ साली अ‍ॅपल कंपनीत हे पदनाम घेतले, तेव्हापासून ते रूढ होत गेले. खेळाडूला कोणती गोष्ट केव्हा कळावी, किती बटणे दाबावी लागावीत, याचा कच्चा आराखडा यु.एक्स. डिझायनर करतो. यु.एक्स. रिसर्चर नवख्या माणसाच्या हाती खेळ देतो, स्वतः गप्प बसतो आणि तो कोठे अडखळतो ते टिपून घेतो.

आमच्या बँकेच्या व्यवहारातील उदाहरण घेऊ. पुष्कळ ए.टी.एम. यंत्रे आधी कार्ड परत देतात आणि नंतर पैसे. पैसे आधी हाती आले तर माणूस कार्ड विसरून निघून जातो. पडद्यावरील अक्षरे सुबक असणे हे यु.आय.; आधी कार्ड, मग पैसे हा क्रम ठरविणे हे यु.एक्स. गेममध्येही असेच. मोबाईल दोन्ही हातांत आडवा धरला की अंगठे खालच्या कोपऱ्यांपर्यंत सहज पोहोचतात, म्हणून मुख्य बटणे तेथे ठेवतात. काहींना लाल व हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून शत्रू-मित्र केवळ रंगाने न दाखविता खूणही देतात.

येथे भाषेचेही काम आहे. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात मराठी शब्द घातला तर वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. आय.आय.टी. मुंबईत शिकविणारे आर. के. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला. अक्षराची जाण हीसुद्धा या क्षेत्रातील पात्रताच होय.

महाराष्ट्रात हा व्यवसाय रुजलेला आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यात काम सुरू केले. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये, तर सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये बाजारात आला.

बारावीनंतर आय.आय.टी. मुंबई घेत असलेल्या 'यूसीड' परीक्षेला कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी एखाद्या गेमचा अवघड पडदा निवडावा, पाच जणांना खेळताना पाहावे, अडचणी लिहाव्यात आणि सुधारलेला आराखडा कागदावर काढावा. पुढे 'फिग्मा'मध्ये तो नीट मांडावा. अशा कामांची वही, म्हणजे पोर्टफोलिओ, नोकरी देणारा आवर्जून पाहतो.

मात्र एक इशारा. जगभरच्या गेम कंपन्यांनी २०२३ व २०२४ मध्ये हजारो लोकांना कामावरून कमी केले. तेव्हा नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या क्लाससाठी कर्ज काढण्यापूर्वी तेथून शिकून गेलेल्यांना प्रत्यक्ष भेटावे, त्यांचे काम पाहावे. हेच कौशल्य बँक, रुग्णालय, शासकीय सेवा यांच्या अ‍ॅपनाही लागते. त्यामुळे मन लावून शिकलेले वाया जाणार नाही.

दुसऱ्याची अडचण ओळखणे हे या कामाचे मूळ आहे. कष्टात वाढलेल्या आपल्या मुलांना ते वेगळे शिकवावे लागत नाही. त्याला अभ्यासाची जोड मिळावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.