ठिपका आहे की नाही?

विजेच्या आकृतीत दोन तारा एकमेकींवरून गेलेल्या दिसतात. त्या जोडलेल्या की नुसत्या ओलांडलेल्या? मला ठाऊक नव्हतं. आकृती बघून मी सेल, दोन बल्ब आणि बटण जोडलं. रेघा जिथे ओलांडत होत्या तिथे तारा सोलून पीळ मारला. बल्ब पेटलेच नाहीत, उलट तार चटका बसेल इतकी तापली! सेल दीड व्होल्टचा होता म्हणून बरं. घरातली वीज २३० व्होल्टची असते.

माझे काका खारघरला इमारतींत वायरिंग करतात. ते म्हणाले, "अरे, काळा ठिपका असला तरच जोड. नाहीतर एक तार दुसरीवरून जाते, रुळांवरून पूल जातो तशी." जुन्या आकृत्यांत तिथे अर्धगोल उडी काढायचे. पण झेरॉक्समध्ये ठिपका पुसला तर? म्हणून काका एका ठिपक्यावर चार तारा आणत नाहीत, दोन जोड सरकवून काढतात. इंग्रजी टीसारखा जोड असला की ठिपक्यावाचूनही कळतं, कारण तिथे एक तार संपते.

सेलच्या रेघांतही मी फसलो. जाड ती प्लस वाटली. प्लस असते लांब, बारीक रेघ.

नवी आकृती खाली चिकटवली आहे. ठिपके दोनच आहेत, मोजा.